चंद्रप्पांच्या पंच्याहत्तरीला वाजलेलं पद

लातुरात दोन गोष्टींना तोटा नाही, शिकवण्यांना आणि ऑर्केस्ट्रांना. शिकवण्यांमधून निदान दरसाल काही पोरं डॉक्टर होऊन बाहेर पडतात. ऑर्केस्ट्रातून आजवर कुणी काही होऊन बाहेर पडल्याचं ऐकिवात नाही. तरीही 'स्वरमेघ म्युझिकल ग्रुप'चे चार कलावंत आठ वर्षं एकमेकांना धरून होते. याला निष्ठा म्हणायचं की दुसरीकडे कुणी विचारत नव्हतं म्हणायचं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

ग्रुपचा मालक आणि मुख्य गायक अमरेश. शिकवण्यांच्या गल्लीत त्याचं झेरॉक्सचं दुकान. दिवसभर दुसऱ्यांच्या नोट्सच्या प्रती काढायच्या आणि संध्याकाळी दुसऱ्यांच्या गाण्यांच्या, असा त्याचा सरळ मामला. तो स्वतःला एका थोर दिवंगत गायकाचा 'लातूरमधला आवाज' म्हणवून घेई. त्या गायकाचं लातूरला कधी येणं झालं नाही, हे दोघांच्याही पथ्यावर पडलं.

मंजुश्री मूळची नायगावची, लातुरात एका खाजगी शाळेत मराठीच्या बाई. ती गायची आणि निवेदन करायची. खरं सांगायचं तर निवेदन करायची आणि मधून मधून गायची. कार्यक्रमाच्या सुरुवातीला प्रत्येक कलावंताची 'सांगीतिक पार्श्वभूमी' सांगायचा तिचा नेम होता. तिच्यापाशी विशेषणांचा साठा एवढा, की पहिलं गाणं सुरू होईतो पुढच्या रांगेतली लेकरं झोपी जायची. अमरेशनं तिसरीत असताना झेंडावंदनाला एक गाणं म्हटलं होतं, अर्ध्यात विसरलाही होता. मंजुश्रीनं त्याचं 'बालवयातच रंगमंचावर दमदार पदार्पण' करून टाकलं.

ऑक्टोपॅडवर भुजंग. तो नांदेडहून गाडीनं यायचा. त्याच्या घरात आजोबांपासून लग्नाचा बँड. नवव्या वर्षी हातात खुळखुळा आला, बाराव्या वर्षी गळ्यात ड्रम, आणि बिलोलीपासून भोकरपर्यंतच्या वराती त्यानं नवरदेवाच्या घोड्यामागे चालत वाजवल्या. मंजुश्री त्याची ओळख 'पाश्चात्त्य तालवाद्यांचे गाढे अभ्यासक' अशी करून द्यायची.

"मॅडम, काय सांगून राहिल्या तुम्ही," भुजंग म्हणायचा. "म्या घोड्याच्या मागं शिकलो. घोडं लाथ कवा मारतंय हे बघत बघत वाजवलं, म्हणून तर ठेका पक्का झाला. ते सांगा की."

"स्टेजवर घोडा बरा दिसत नाही, भुजंगदादा," मंजुश्री म्हणायची, आणि विषय संपायचा.

राहिला चौथा, कीबोर्डवाला रामलिंग. ही गोष्ट त्याचीच आहे.

रामलिंग एक्कावन्न वर्षांचा. एका डाळमिलच्या वजनकाट्यावर नोकरीला. ट्रक काट्यावर चढला की आकडा लिहायचा, उतरला की परत लिहायचा. माणूस इतका शांत, की ड्रायव्हर लोक त्याला मशीनचाच भाग समजत. मंजुश्रीच्या वहीत मात्र तो 'मिरजेच्या गुरुजनांकडे कठोर साधना केलेले संगीत विशारद' होता. मिरजेला रामलिंग आयुष्यात एकदाच गेला होता, मावशीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. आठ वर्षांपूर्वी मंजुश्रीनं पेन सरसावून विचारलं, "काका, कुठं शिकलात?" तेव्हा त्याच्या तोंडून 'मिरज' निघून गेलं. मंजुश्रीला तेवढं पुरे होतं. सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं असतात. मंजुश्री तिथून परत येताना दोन गुरुजीही घेऊन आली.

खरं काय होतं, ते रामलिंगच्या घरच्यांनाच ठाऊक, ग्रुपमध्ये कुणाला माहीत नव्हतं.

रामलिंगची आई सिद्धम्मा भजन म्हणायची, आणि ती मयतीतलं भजन म्हणायची. त्यांच्या लिंगायत समाजात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, गळ्यात हार घालतात, आणि उचलेपर्यंत समोर भजन चालतं. लातूर ते उदगीर कुठंही कुणी गेलं की आधी जंगमाला, म्हणजे समाजाच्या पुरोहिताला, निरोप जायचा आणि दुसरा सिद्धम्माला. रामलिंगचे वडील पेटी वाजवायचे. ते गेले तेव्हा त्यांच्याच मयतीत पेटी वाजवायला कुणी नव्हतं, म्हणून सात वर्षांच्या रामलिंगला पेटीपुढं बसवलं. ही त्याची सांगीतिक पार्श्वभूमी. पुढची पंधरा-वीस वर्षं तो आईच्या बाजूला बसून वाजवत राहिला. समोर हारात बुडालेलं एक म्हातारं माणूस, डोळे मिटलेलं, आणि याची बोटं पेटीवर. सूर तो असेच शिकला, चेहऱ्याकडं बघत बघत.

मयतीच्या पेटीवाल्याला मान फार असतो, पण तो दुरून असतो. रामलिंग हातात पेटी घेऊन गल्लीत शिरला की बायका दारात येऊन हळूच विचारायच्या, "कोण गेलं?" एकदा तो नुसता पेटी दुरुस्तीला घेऊन चालला होता, तर एका आजारी म्हाताऱ्याच्या घरच्यांनी रडायला सुरुवात केली. लग्नासाठी मुलगी बघायला तो आईबरोबर गेला, तर पोरीच्या आजीनं दोघांना दारात बघितलं आणि देवघराकडं धूम ठोकली. त्यानंतर रामलिंगनं पेटी माळ्यावर टाकली, डाळमिलात नोकरी धरली, कीबोर्ड घेतला आणि बोटांना सिनेमाची गाणी शिकवली. कारण साधं होतं. ऑर्केस्ट्रात वाजवून झालं की लोक टाळ्या वाजवायचे. तिकडं वाजवून झालं की लोक उचलायचे.

टाळ्या खरं तर अमरेशला असायच्या. पण रामलिंग त्या मोजून आपल्या वाट्याच्या काढून घ्यायचा.

आता त्या टाळ्यांवरच गदा आली होती. अमरेशनं लॅपटॉप घेतला होता आणि त्यात तीन हजार गाण्यांचे तयार ट्रॅक भरून आणले होते. बटण दाबलं की व्हायोलिनपासून बासरीपर्यंत अख्खा ताफा हजर. ट्रॅकला चहा लागत नाही, ट्रॅकची बस चुकत नाही, ट्रॅकच्या घरी कुणाची बारशी नसतात. अमरेशनं हे सगळं रामलिंगला अगदी प्रेमानं समजावून सांगितलं.

"मामा, मला वाईट वाटायलंय, पण जमाना बदलला," तो म्हणाला. "चंद्रप्पाशेठच्या पंच्याहत्तरीचा कार्यक्रम तेवढा लाइव्ह करू. त्यांच्या पोरानं तशी अट घातलीय. तो रंगला, लोकांनी नाव घेतलं, तर तुम्ही हायच. न्हाईतर मग बघू."

'बघू' या शब्दाचा अर्थ मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रामलिंगनं महिनाभर रोज काट्यावरच्या टेबलावर बोटं फिरवून सराव केला. ट्रकचं वजन लिहिताना दोनदा आकड्याऐवजी सूर लिहिले गेले.

चंद्रप्पा लातूरच्या आडत बाजारातले जुने व्यापारी. गावात त्यांच्या तुरीपेक्षा त्यांच्या तोंडाची तेजी जास्त. पंच्याहत्तरी करायची त्यांची इच्छा नव्हती. ती त्यांचा मोठा मुलगा महांतेश याची होती, आणि महांतेशला इच्छा महानगरपालिकेत निवडून जायची होती. त्यामुळे मंगल कार्यालय माणसांनी भरलं होतं, दारात कमान होती, आणि स्वयंपाकघरात हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, पातेली रटरटत होती. सकाळी अकराला चंद्रप्पांची गूळतुला झाली. तराजूत बसवलं, उतरवलं, फोटोसाठी परत बसवलं. बारा वाजेपर्यंत म्हातारा पार दमला.

स्वरमेघची पहिली चार गाणी चांगली झाली. लोक डोलत होते. अमरेशनं रामलिंगकडं बघून मानसुद्धा हलवली. मग सत्कार सुरू झाले. सत्कार म्हणजे आमच्याकडची मोकाट गोष्ट. सुरू कुणीही करावा, थांबवायची सोय नाही. अमरेश खाली वाकून कुजबुजला, "मामा, सत्कार होईस्तोवर हळू काहीतरी वाजवत ऱ्हा. आवाज तुटू देऊ नका."

रामलिंग वाजवत राहिला. एक सिनेमाचं गाणं संपलं, दुसरं संपलं, सत्कार संपेनात. स्टेजच्या मधोमध मोठ्या खुर्चीवर चंद्रप्पांना मांडी घालून बसवलं होतं, पाय सुजतात म्हणून. एकेक संस्था येऊन हार घालत होती. हार हनुवटीपर्यंत आले. जंगमांनी येऊन कपाळभर विभूती लावली. कुणीतरी उदबत्तीचा पुडाच्या पुडा समोर लावला. बायका ओळीनं येऊन पाया पडू लागल्या. आणि चंद्रप्पांना झोप लागली. डोळे मिटले, मान जराशी कलली, ती शेजारच्या नातवानं हलकेच सरळ केली.

रामलिंग समोर बघत होता. त्याची बोटं सात वर्षांची झाली, आणि ती जे शिकली होती तेच त्यांनी वाजवायला घेतलं.

पहिल्या ओळीला कुणाच्या लक्षात आलं नाही. भुजंग नांदेडचा, त्याला ही चाल ठाऊक नव्हती. मामांनी काहीतरी नवीन काढलं असं वाटून त्यानं खुशीनं खाली ठेका धरला, तोही वरातीचा. दुसऱ्या ओळीला पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टोप्या सारख्या केल्या. तिसऱ्या ओळीला बायकांनी डोक्यावरून पदर घेतले. एकानं चपला काढल्या, मग शेजाऱ्यानं काढल्या. मागच्या रांगेतली एक बाई हुंदका देऊन म्हणाली, "आत्ता तर चांगले व्हते की!"

सभागृह उभं राहिलं तेव्हा रामलिंगला आपण काय वाजवतोय ते कळलं. त्याचे हात जागीच थांबले. भुजंगचा ठेका एकटाच चार मात्रा पुढं गेला आणि तोही थांबला.

त्या शांततेनं चंद्रप्पांना जाग आली. त्यांनी उभ्या लोकांकडं बघितलं, पदर बघितले, चपला बघितल्या.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं. समोर माइक होता, त्यामुळे ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या हारांकडं गेलं. "म्या गेलो का काय?"

महांतेश धावत आला. "अप्पा, तसं काय न्हाई. चूक झाली ह्यांची. अमरेश, लावा तुमचं ते, लावा लवकर!" अमरेश लॅपटॉपकडं झेपावला.

"थांब," चंद्रप्पा म्हणाले. "ही सिद्धम्माची चाल हाय. माझ्या बापाच्या वक्ताला तिनंच म्हनली व्हती. कोण वाजवलं रे? इकडं ये."

रामलिंग उठून पुढं गेला. 

"कुठं शिकलास हे?"

मंजुश्री हाडाची निवेदिका. तिनं बाजूच्या माइकवरून हळूच आठवण करून दिली, "मिरज..."

रामलिंगनं तिच्याकडं बघितलं, मग म्हाताऱ्याकडं बघितलं. त्या डोळ्यांपुढं खोटं बोलणं त्याला जमलं नाही. "मयतीत शिकलाव, अप्पा," तो म्हणाला. "सिद्धम्माचा पोरगा म्या. अव्वासंगं बसून शिकलाव. मिरजंला मावशीच्या डोळ्यासाठी गेल्तो."

कार्यालयात कुणीतरी फिसकन हसलं. मंजुश्रीनं वही मिटली.

"मग अर्ध्यावर कामून सोडलास?" चंद्रप्पा एकदम कडाडले. "तुझ्या मायनं हेच शिकवलं का? हे पद सुरू केलं की पुरं करतेत. अर्धं ऱ्हायलं की ते घरातल्या दुसऱ्याला संगं नेतंय. माझ्या म्हातारीला न्यायचंय का तुला?"

शेजारच्या खुर्चीवर त्यांची बायको नीलाबाई बसल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अप्पा, लोक काय म्हणतेन," महांतेश म्हणाला. "आज तुमचा वाढदिवस हाय..."

"महांतेश, गप बस," नीलाबाई म्हणाल्या. "म्हणू दे बाबा त्याला. पुरं म्हणू दे."

अशा रीतीनं चंद्रप्पांच्या पंच्याहत्तरीच्या वाढदिवशी, जिवंत चंद्रप्पांसमोर, त्यांच्या मयतीचं पद पुरं झालं. रामलिंग वाजवत होता आणि म्हणतही होता. ऑर्केस्ट्रात आठ वर्षं त्याला कुणी तोंड उघडू दिलं नव्हतं. दुसऱ्या कडव्याला अख्खं सभागृह मागून म्हणू लागलं, कारण ते पद तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं. घरटी एकदा तरी ते म्हणायची वेळ आलेलीच असते. भुजंगनं काठ्या खाली ठेवून बोटांनी सावकाश ताल धरला. खुद्द चंद्रप्पा हारांतून हात काढून टाळ्या देत होते. मयतीच्या पदाला मयतानं स्वतः साथ दिल्याचं हे लातुरातलं पहिलंच उदाहरण असावं.

पद संपलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लोकांनी सवयीप्रमाणे हात जोडले, सवयीप्रमाणे चपला घातल्या आणि सवयीप्रमाणे आंघोळीला घरी निघून गेले. मयतीहून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय कुणी काही खात नाही. पाचशे माणसांची हुग्गी पातेल्यात तशीच राहिली. महांतेशचं भाषण खिशात राहिलं. त्यानं अमरेशला स्टेजमागं नेऊन जे काही ऐकवलं, त्यात विशेषणं मंजुश्रीपेक्षाही जास्त होती.

जेवायला बसले ते एकटे चंद्रप्पा. त्यांनी रामलिंगला शेजारी बसवून घेतलं आणि दोन वाट्या हुग्गी खाल्ली. "म्या गेल्यावर म्हनले असते, तर म्या कुठं ऐकायला बसलो व्हतो?" ते म्हणाले. "आज ऐकलाव. लई दिवसांची इच्छा व्हती."

त्याच संध्याकाळी स्वरमेघच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून रामलिंगचं नाव निघालं. त्याआधी मंजुश्रीनं त्याला 'पुढील सांगीतिक वाटचालीस' शुभेच्छा दिल्या, दोन फुलांसकट. अमरेशनं फोन केला नाही. चार-पाच दिवसांनी भुजंगनं केला. "मामा, ट्रॅकसंगं वाजवून राहिलो," तो म्हणाला. "मजा न्हाई. आपण चुकलो तर ते थांबत न्हाई, पळतच सुटतंय." रामलिंग हसला, आणि फोन ठेवल्यावर त्याला रडू आलं. एक्कावन्न वर्षांचा माणूस काट्यावरच्या केबिनमध्ये बसून रडला. बाहेर तुरीचा ट्रक दहा मिनिटं हॉर्न देत होता.

घरी सिद्धम्मानं वेगळाच प्रश्न काढला. तिचं वय ऐंशीच्या पुढं, पण कान शाबूत, आणि लातुरात बातमीला पाय असतात. "माईकवर माझं नाव घेतलास म्हणं?"

"हाव, अव्वा."

"इतके दिस कामून घेतलं न्हाईस?"

 लाज वाटायची, हे त्या म्हातारीच्या तोंडावर कसं सांगणार? त्याला त्या लाजेचीच लाज वाटली. त्यानं माळ्यावरून पेटी काढली, पुसली. दोन पट्ट्या मुक्या झाल्या होत्या, त्या दुरुस्त करून आणल्या. या वेळी दारात कुणी "कोण गेलं?" विचारलं, तर "कुणी न्हाई, मीच चाललोय," असं सांगत तो पुढं गेला.

पंधरा-वीस दिवसांनी किल्लारीहून फोन आला. शिवांगी नावाची कुणी सून बोलत होती. तिचे सासरे रेवणसिद्धअप्पा अंथरुणाला खिळले होते, डॉक्टरांनी चार-आठ दिवस सांगितले होते. चंद्रप्पांना जिवंतपणी पद ऐकायला मिळालं, हे पाव्हण्यांकडून त्यांच्या कानावर आलं होतं, आणि तेव्हापासून त्यांनी एकच धोसरा लावला होता, की तो पेटीवाला बोलवा.

रामलिंगनं काट्यावरून सुटी घेतली आणि पेटी घेऊन किल्लारीची बस धरली. आता हेच आपलं काम, असं त्यानं वाटेत मनाशी ठरवूनही टाकलं. आईनं दिलेलं आहे, आईचंच करायचं. तसं ठरवल्यावर मन जरा हलकं झालं, पण फार नाही.

घरात माणसं जमली होती. म्हातारा खाटेवर, हाडाला कातडं. रामलिंगनं पेटी उघडली, भाता धरला, डोळे मिटून मनातल्या मनात आईला नमस्कार केला आणि पदाचा पहिला सूर लावला.

"ए, हे नगं," खाटेवरून आवाज आला.

रामलिंग थांबला.

"हे म्या गेल्यावर गाव म्हणतंय की फुकट. तू ऑर्केस्ट्रावाला न्हवं? तंबूतल्या शिनेमात लागलेलं एक गाणं हाय." म्हाताऱ्यानं सुनेकडं बघितलं, लेकाकडं बघितलं, आणि लाजण्याचं वय उलटून गेल्याची खात्री करून चाल गुणगुणली. दम पुरला नाही, पण दोन ओळींत रामलिंगनं गाणं ओळखलं. स्वरमेघमध्ये त्यानं ते दोनशे वेळा तरी वाजवलं असेल. लेकानं कपाळाला हात लावला. शिवांगी पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

रामलिंगनं गाणं घेतलं. लाइट नव्हते, निवेदन नव्हतं, वर गाणारा अमरेश नव्हता, नुसती पेटी होती. पहिलं कडवं झालं. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता, बोटानं गोधडीवर ताल देत होता. दुसऱ्या कडव्यात बोट थांबलं.

"चुकलास," तो म्हणाला. "तिथं वर जात न्हाई. खाली येतंय."

रामलिंगनं आठवून बघितलं. खरंच होतं. आठ वर्षं, दोनशे कार्यक्रम, तो तिथं चुकीचाच वर जात होता, आणि अमरेशला, मंजुश्रीला, हजारो प्रेक्षकांना, कुणाला म्हणून कळलं नव्हतं. कुणी ऐकतच नव्हतं. 

"परत घे," म्हातारा म्हणाला. "सुरुवातीपासून. आणि घाई करू नगंस, म्या कुठं चाललो न्हाई."

रामलिंगनं परत घेतलं.